सिगारेट सुटल्यावर रोज हाती काय लागतं? साताऱ्यातल्या एका औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं औषधाचं दुकान आहे. मी स्वतः १९ वर्षं सिगारेट ओढली आणि २०१५च्या दिवाळीनंतर सोडली. निकोटीनचं च्युइंगम घ्यायला येणारी माणसं गर्दी ओसरेपर्यंत काउंटरपाशी रेंगाळतात आणि मग हळू आवाजात एखादा प्रश्न विचारतात. कॅन्सरबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पाकिटावरचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रश्न असतात ते आजच्या दिवसाबद्दल. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे उत्तरांसह लिहितो आहे.

सोडून तीन दिवस झाले. बरं वाटायचं सोडून जीव नुसता कासावीस होतोय. मला मिळालं काय?

तुम्ही बहुतेकांच्या सगळ्यात अवघड दिवसावर उभे आहात. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं, मधेच जाग येणं या सगळ्याचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तिथून दोन ते चार आठवड्यांत तो उतरत जातो.

पण तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण मेंदूला बक्षिसाची सवय लागलेली आहे. झुरका घेतला की दहाएक सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. दहाच्या पाकिटात शंभरेक झुरके. म्हणजे रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या मेंदूला दिवसातून शंभर वेळा हातोहात काहीतरी मिळत होतं, तेही वर्षानुवर्षं. आता त्याला आपण सांगतो, ‘दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका निम्म्यावर येईल.’ खरं आहे ते. पण दुपारी चार वाजता, साहेब बोलून गेल्यावर, ते दहा वर्षांनंतरचं बक्षीस कुणाच्या उपयोगी पडतं? त्या वेळी हाताशी लागतं ते आजचं, छोटं, स्वतःच्या नाकाला-जिभेला-खिशाला कळणारं. ते मिळतंच, फक्त ते सिगारेटीसारखं आपणहून समोर येत नाही. ते शोधून, थांबून घ्यावं लागतं.

शरीरात पहिला बदल कधी होतो?

शेवटची सिगारेट विझवून राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत या. तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरायला लागलेले असतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तोही दिवसभरात बराचसा निघून जातो आणि ती जागा ऑक्सिजनला मिळते. हे दिसत नाही, पण झालेलं असतं. पहिल्या रात्री झोपताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

तोंडाची चव आणि नाकाला येणारा वास परत कधी येतो, आणि नेमकं काय होतं?

दोन-तीन दिवसांपासून ते काही आठवड्यांपर्यंत, हळूहळू. मला पाचव्या दिवशी कळलं. मोती चौकातून गाडीवरून चाललो होतो आणि पेढ्यांच्या दुकानातून भाजलेल्या खव्याचा वास आला. त्या रस्त्यानं मी १९ वर्षं रोज गेलो होतो. कंदी पेढ्याचा तो किंचित करपट, खरपूस वास लहानपणी ओळखीचा होता आणि मधे तो कुठे गेला हे मला कळलंच नव्हतं. गाडी बाजूला लावून पाव किलो पेढे घेतले आणि तिथेच उभं राहून एक खाल्ला.

तुम्हीही असंच करा. पहिल्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी एक ओळखीचा पदार्थ ठरवून, लक्ष देऊन खा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी, चुलीवरची भाकरी, नुसतं वरण-भात-तूप. मीठ कमी लागायला लागलं, पूर्वी अळणी वाटणारी भाजी नीट लागली, तर ते मनातल्या मनात न ठेवता घरी बोलून दाखवा. वाईट वासही परत येतात. स्वतःच्या जुन्या जॅकेटचा, हेल्मेटच्या आतल्या कापडाचा वास पहिल्यांदा आला की माणूस हबकतो. हेल्मेटचं अस्तर धुऊन वाळत घालणं हे माझं पहिल्या आठवड्यातलं सगळ्यात समाधानाचं काम होतं.

सोडल्यावर खोकला वाढला. उलटंच झालं की!

श्वासनलिकेत आतून बारीक केसांसारखी रचना असते. तिचं काम धूळ आणि कफ वर ढकलत राहण्याचं. धुरामुळे ती लुळी पडते, सिगारेट बंद झाली की पुन्हा हलायला लागते आणि साचलेलं बाहेर काढते. म्हणून काही आठवडे कफ पडतो. तो झाडलोटीचा खोकला आहे. पुढच्या काही महिन्यांत खोकला आणि धाप दोन्ही कमी होत जातात. मात्र खोकल्यातून रक्त पडलं, वजन विनाकारण उतरलं किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

सकाळची सिगारेट बंद केल्यापासून पोटच साफ होत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो आणि सगळ्यात जास्त लोक याच कारणानं परत ओढायला लागतात, असं माझं काउंटरवरचं निरीक्षण आहे. निकोटीन आतड्यांना चालना देतं. ते बंद झालं की काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, बद्धकोष्ठ होतं. उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी, पंधरा मिनिटं चालणं, रात्री पपई किंवा भिजवलेले काळे मनुके, आणि ठरल्या वेळी घाई न करता जाऊन बसणं. गरज पडली तर इसबगोल. ज्या सकाळी सिगारेटीशिवाय पोट साफ होईल ती सकाळ वहीत लिहून ठेवा. लाजू नका. वीस वर्षांची समजूत त्या दिवशी खोटी ठरते.

तसंच हिरड्यांचं. काहींच्या हिरड्यांतून ब्रश करताना जरा रक्त येतं, तोंड येतं. निकोटीनमुळे आखडलेल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या होत असतात. थोड्या दिवसांत थांबतं. थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि महिना पूर्ण झाल्याचं बक्षीस म्हणून दात साफ करून घ्या. जिभेला दातांचा गुळगुळीतपणा लागला की सिगारेट तोंडात घालायला नको वाटते.

डोळ्यांना दिसेल असं काही?

बोटांकडे पाहा. पिवळी पडलेली नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात. त्यामुळे सोडल्यावर काही आठवड्यांनी नखावर एक रेघ दिसते. वरचा भाग पिवळा, खालचा स्वच्छ. ती रेघ दर आठवड्याला थोडी पुढे सरकते आणि पाच-सहा महिन्यांत शेवटचा पिवळा तुकडा नेलकटरमध्ये निघून जातो. सगळ्यांच्या बोटांवर दिसतेच असं नाही. पण ज्यांच्या दिसते त्यांना मी सांगतो, रोज सकाळी एकदा बघा. दुसरं कॅलेंडर लागत नाही.

अजिंक्यतारा चढताना दम लागायचा कधी कमी होतो?

रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचं काम दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत सुधारत जातं. कागदावर हे वाक्य कोरडं दिसतं, पण साताऱ्यात ते मोजायची सोय दारात आहे.

पहिल्या आठवड्यात घाई न करता किल्ल्याच्या रस्त्यानं चढायला लागा. जिथे पहिल्यांदा थांबावं लागेल ती जागा लक्षात ठेवा. एखादं वळण, एखादं झाड, विजेचा खांब. पुढच्या रविवारी तिथेच थांबा, अजून दहा पावलं जाता आलं तर जा. मी पहिल्यांदा दरवाजापर्यंत जाताना सहा वेळा थांबलो होतो. माझ्याबरोबरचे, माझ्याहून मोठे एक काका, गप्पा मारत पुढे निघून गेले. अकराव्या रविवारी मी एकदाही न थांबता मंगळाई देवीच्या देवळापर्यंत गेलो आणि तिथे पाणी पिताना मला रडू आलं. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी चाललं असतं.

गुडघे दुखत असतील तर किल्ला कशाला? तुमच्या घराचा जिना घ्या. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचून लगेच बोलता आलं, हाही किल्लाच. हृदयाचा त्रास असेल, बीपी असेल तर चढण्याआधी डॉक्टरांना विचारा. यवतेश्वर घाटातली २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन पळणारी जुनी सिगारेटवाली माणसं मला माहीत आहेत, पण ते पहिल्या वर्षाचं काम नाही.

पैसे किती वाचतात? आणि ते दिसत का नाहीत?

समजा दिवसाला दहा सिगारेटी आणि एकीला १५ रुपये. रोजचे १५०, महिन्याचे ४,५००, वर्षाचे ५४,७५०. तुमच्या ब्रँडचा भाव घालून तुमचा आकडा काढा. सुट्या सिगारेटी-विड्या विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतात. एकेक करून घेतलेल्या सिगारेटीचा हिशेब कधीच डोळ्यांसमोर येत नाही. त्यात आता स्कॅन करून पैसे जातात. गेलेले दिसले नव्हते, मग वाचलेले कसे दिसणार?

म्हणून पहिले तीन महिने रोख वापरा. काचेची बरणी घ्या, स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवा आणि रोज रात्री त्या दिवसाचे पैसे तीत टाका. नोटा दिसल्या पाहिजेत. आठवड्याला त्यातले थोडे खर्च करा आणि ते सुखासाठीच करा. इथे लोक चुकतात. सगळे पैसे गॅसच्या सिलिंडरला नाहीतर मुलाच्या फीला घालतात. भावना समजते, पण मग मेंदूला बक्षीस मिळालंच नाही, नुसतं कर्तव्य झालं. चौथा हिस्सा स्वतःसाठी ठेवा. रविवारची मिसळ, चांगल्या चपला, बायकोबरोबर कासला जाऊन यायचं पेट्रोल. उरलेले पोस्टात आवर्ती ठेवीत टाका, महिना १०० रुपयांपासून खातं निघतं. एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला असणाऱ्या एका दादांनी बरणीतून मुलीला सायकल घेतली आणि तिच्यावरून तिला दुकानापर्यंत घेऊन आले. मला घंटी वाजवून दाखवली.

दारूची पार्टी मात्र बक्षीस म्हणून नको, निदान पहिले तीन महिने. दुसऱ्या पेल्यानंतर सगळ्यात जास्त निश्चय मोडतात.

‘छोटा विजय’ म्हणून नक्की काय मोजायचं? दिवस?

दिवस मोजा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. माझा आग्रह दुसऱ्या मोजणीचा आहे. तलफ आली आणि ओढली नाही की खिशातल्या छोट्या वहीत एक उभी रेघ. एवढंच. तलफेची लाट बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत ओसरते, ओढली तरी ओसरते आणि नाही ओढली तरी. रेघ मारायला वही काढणं, पेन शोधणं, त्यातच एक मिनिट जातं.

दिवसांच्या मोजणीत दिवसाला एकच गुण मिळतो आणि तोही रात्री. रेघांच्या मोजणीत तलफ जितकी जास्त तितके गुण जास्त. वाईट दिवस हाच मोठ्या कमाईचा दिवस ठरतो. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत ४१२ रेघा आहेत. त्यातल्या ३१ एकाच दिवशीच्या, वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाच्या.

रेघेपुढे दोन शब्द लिहिले तर अजून चांगलं. ‘जेवणानंतर.’ ‘एसटी स्टँड.’ ‘पाऊस.’ ‘फोनवर भांडण.’ पंधरा दिवसांनी पानं चाळली की तुमची सिगारेट कुठे दडून बसते ते दिसतं. आणि काही विजय तलफेचे नसतातच, तेही लिहा. रात्री दहा वाजता ‘दूध आणतो’ म्हणून खोटं बोलून बाहेर पडावं लागलं नाही. स्वारगेटपर्यंत एसटीत बसलो आणि गाडी कधी थांबते याची वाट पाहिली नाही. सज्जनगडावर आरतीला शेवटपर्यंत उभा राहिलो. घरात शिरण्याआधी बडीशेप खाल्ली नाही. खोटं बोलावं लागत नाही, हे मला स्वतःला पैशांहून मोठं वाटलं.

चहा आला की सिगारेट आठवते. चहाही सोडू का?

चहा सोडायची गरज नाही, जागा बदला. टपरीवर उभ्यानं प्यायचा तो बसून, कपातून, घरी किंवा ऑफिसात प्या. उजव्या हातात सिगारेट असायची तर आता कप उजव्या हातात धरा. बरोबर आलेपाकाची वडी ठेवा. आपल्या जिल्ह्यात आलं भरपूर पिकतं आणि तिखट चव तलफेवर बरी पडते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. धुरातल्या घटकांमुळे शरीर कॅफिन लवकर निपटतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री झोप न लागणं, यातलं काही सिगारेटीच्या नव्हे, चहाच्या खात्यात जमा असतं. पहिले काही आठवडे चहा निम्म्यावर आणा.

टपरीवरचे मित्र तुटतील का?

काही जण लांब होतील. बहुतेक नाहीत. पहिले तीन आठवडे त्यांना ‘चार भिंती’ स्मारकापाशी नाहीतर गोडोली तळ्यापाशी फिरायला बोलवा, टपरी टाळा. ‘मी सोडली’ एवढं एकदाच स्पष्ट सांगा, ‘सोडायचा प्रयत्न करतोय’ म्हणू नका. प्रयत्न करणाऱ्याला लोक आग्रह करतात.

आमच्या ह्यांनी सोडली आहे. मी काय करू?

वहिनी, सर्वात आधी, वास घेऊन तपासणी करू नका. संशय घेतला की माणूस लपवायला लागतो आणि लपवण्यातूनच परत सुरू होते. कौतुक करायचं तर नेमकं करा. ‘शाब्बास’पेक्षा ‘काल रात्री तुम्ही खोकला नाहीत, मला सलग झोप लागली’ हे वाक्य जास्त काम करतं. पहिल्या पंधरा दिवसांतली चिडचिड तुमच्यावर निघेल. ती सहन करा असं मी म्हणणार नाही, पण ती कशामुळे आहे हे दोघांनी आधीच बोलून ठेवा. बरणीच्या खर्चात तुमचंही मत घ्यायला सांगा. इतकी वर्षं घरातला धूर तुम्हीही घेतला आहे.

वजन वाढतं म्हणतात.

वाढतं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो, काहींचं अजिबात नाही. भूक आणि चव परत आलेली असते, तोंडाला चाळा हवा असतो. फुटाणे, काकडी, गाजर हाताशी ठेवा, चालणं वाढवा. पण पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नका. एका वेळी एकच लढाई.

च्युइंगम घेऊन सोडली तर तो विजय खोटा का?

मुळीच नाही. निकोटीन बदली उपचारानं यशाची शक्यता साधारण दीडपट होते. सिगारेटीतले जीव घेणारे घटक मुख्यतः धुरातले आहेत, च्युइंगममध्ये तो धूर नाही. फक्त ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळू नका. सावकाश चावा, तिखट झिणझिण आली की गालात दाबून ठेवा, गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-सरबत नको. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम लागू शकतं, नाहीतर २. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा हा पर्याय नव्हे, तो तोंडाच्या कॅन्सरचा रस्ता. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

मधुमेहाचं इन्सुलिन, दम्याचं थिओफायलिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना जरूर कळवा. डोस बदलावा लागू शकतो.

लग्नात एक ओढली गेली. सगळं संपलं का?

मी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा तर चाळीस दिवसांनंतर. त्या रात्री वही काढली आणि रेघा मोजल्या. एकही पुसली गेली नव्हती. दिवसांची मोजणी शून्यावर येते, रेघांची येत नाही, म्हणून मी तिचा एवढा आग्रह धरतो.

पण एकीवर थांबा. उरलेलं पाकीट पाण्यात टाका, जिथे घसरलात ती जागा वहीत लिहा, आणि पुढचे चोवीस तास कुणाशी तरी बोलत राहा. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो, पण पाकीट हातात असताना तो कुणी वाचत नाही. म्हणून तो आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

तलफ कायमची कधी जाते? तुम्हाला अजून येते?

वर्ष झालं की हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर आलेला असतो, आणि तलफ तोवर पाहुण्यासारखी झालेली असते, न कळवता येणारी पण मुक्कामाला न राहणारी. मला वर्षातून चार-पाच वेळा येते. मागच्या ऑगस्टमध्ये कासच्या रस्त्याला धुकं उतरलं होतं, मक्याचं कणीस घेऊन प्लास्टिकच्या छपराखाली उभा होतो आणि शेजारच्यानं काडी ओढली. पोटातून कळ आली. खिशात आता वही नसते, म्हणून फोनमध्ये एक रेघ टिपली, कणसाला आणखी थोडं लिंबू मागितलं आणि ते शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.